वाचकांचे प्रश्न : व्हाइट हाउसमधली सही कुठवर चालते?

अमेरिकेच्या अध्यक्षाच्या अधिकारांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून एक खुलासा. पुढे 'अध्यक्ष' म्हणजे तिकडचे राष्ट्राध्यक्ष आणि 'काँग्रेस' म्हणजे तिकडची संसद, म्हणजेच प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून. आपल्याकडच्या पक्षाचा इथे काही संबंध नाही.

मी मंत्रालयात तीस वर्षं नोकरी केली. पेपरात रोज वाचतो की अमेरिकेच्या अध्यक्षांनी 'वटहुकूम' काढला. सहा आठवड्यांत तो त्यांच्या संसदेपुढे जातो का? — एक सेवानिवृत्त वाचक, दादर

नाही, कारण तो वटहुकूम नसतोच. हे भाषांतर चुकीचं आहे आणि निम्मे गैरसमज त्यातूनच होतात. आपला अध्यादेश म्हणजे तात्पुरता कायदा. सभागृहाचं अधिवेशन नसताना तो निघतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपतो. अमेरिकेच्या अध्यक्षाला असा तात्पुरता कायदा करण्याचा अधिकार नाही. तो काढतो ती 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर', आणि तुमच्या ओळखीचा तिचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे जीआर, शासन निर्णय.

जीआरच्या डोक्यावर 'वाचा' असं लिहून आधीचे कायदे आणि निर्णय दिलेले असतात. या आदेशाच्या पहिल्याच वाक्यातही राज्यघटना आणि अमुक अमुक कायद्याने मला दिलेल्या अधिकारानुसार, असं म्हणून कायद्यांची नावं आणि कलमं येतात. आदेश हातात आला की आधी तेवढंच वाक्य वाचावं. नेमकं कलम दिलेलं असेल तर आदेश टिकण्याची शक्यता बरी. नुसतं 'राज्यघटना आणि कायदे' असं मोघम असेल, तर बहुतेक वेळा आदेश खात्यांना अंतर्गत सूचना देणारा असतो किंवा पाया कच्चा असतो.

मग शेवटचं कलम पाहावं. तिथे ठरलेली तीन वाक्यं असतात. अंमलबजावणी प्रचलित कायद्याला धरून होईल. ती निधी उपलब्ध असेल तरच होईल. या आदेशामुळे कुणालाही सरकारविरुद्ध कोर्टात मागता येईल असा हक्क निर्माण होत नाही. कॅमेऱ्यापुढे मोठ्या काळ्या पेनाने केलेली सही कितीही ठसठशीत दिसली, तरी आदेशाची खरी हद्द या शेवटच्या ओळींत असते.

कार्यपद्धतही फाइलीसारखीच. मसुदा अर्थसंकल्प कार्यालयाकडे जातो, तिथून न्याय खात्याकडे. त्या खात्याचं विधी सल्ला कार्यालय मसुदा नमुन्याला आणि कायद्याला धरून आहे ना ते तपासतं. सही झाल्यावर तो 'फेडरल रजिस्टर' या राजपत्राकडे जातो आणि क्रमांक तिथे पडतो. म्हणून सहीच्या दिवशीच्या बातमीत बहुतेक वेळा क्रमांक नसतो.

पाया नसला तर काय होतं, याचं ठळक उदाहरण १९५२ चं. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगार संपावर जाणार होते. अध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिलला आदेश काढून पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो आदेश रद्द केला. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी त्या निकालात घातलेली तीन पायऱ्यांची मांडणी आजही प्रत्येक खटल्यात येते. काँग्रेसने अधिकार दिलेला असेल तर अध्यक्ष सर्वांत बळकट. काँग्रेस गप्प असेल तर संधिप्रकाश. काँग्रेसने नको म्हटलं असेल तर अध्यक्षाची बाजू सर्वांत लंगडी.

सीप्झमधल्या दागिन्यांच्या युनिटमध्ये हिशेब पाहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतावरचं टॅरिफ एकूण ५० टक्के झालं. कर लावणं संसदेचं काम असताना एकटा माणूस हे कसं करतो? — एक वाचक, अंधेरी (पूर्व)

तुमचा संशय बरोबर आहे. आयातशुल्क बसवण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला दिलेला आहे. १९३० साली काँग्रेसने स्वतः शुल्कं भरमसाट वाढवली, इतर देशांनी तशीच परतफेड केली आणि व्यापार आटला. १९३४ पासून काँग्रेस एकेक कायदा करून हा अधिकार अटींसह अध्यक्षाकडे सोपवत गेली. आज अध्यक्षाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा आहे, आणि प्रत्येक किल्लीला वेगळं कुलूप. निर्यातदाराने टक्क्यांआधी किल्ली कोणती ते विचारावं, कारण शुल्क किती टिकेल ते त्यावर ठरतं.

१९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याचं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली विशिष्ट मालावर शुल्क लावू देतं. वाणिज्य खात्याची चौकशी २७० दिवसांपर्यंत चालते, नंतर अध्यक्षाला ९० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क यातलं. ते एकदा बसलं की चिवट असतं, अध्यक्ष बदलला तरी सहज उठत नाही. १९७४ च्या कायद्याचं कलम ३०१ एखाद्या देशाच्या अन्याय्य व्यापारी वागणुकीविरुद्ध आहे. त्यात जाहीर सूचना आणि सुनावणी होते, म्हणजे तुमच्या तिकडच्या खरेदीदाराला लेखी म्हणणं मांडायची जागा मिळते. त्याच कायद्याचं कलम १२२ झटपट वापरता येतं, पण १५ टक्क्यांच्या वर आणि १५० दिवसांच्या पुढे जात नाही. पुढे न्यायचं तर काँग्रेसकडेच जावं लागतं.

२०२५ मध्ये भारतावर आलेलं ५० टक्के यांपैकी कशातलंच नव्हतं. त्यासाठी १९७७ चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा वापरला गेला. त्यात चौकशी नाही, सुनावणी नाही. राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की झालं. पहिले २५ टक्के ७ ऑगस्टपासून, तिकडच्या व्यापारी तुटीच्या कारणाने. दुसरे २५ टक्के २७ ऑगस्टपासून, रशियन तेलाच्या खरेदीवरून. या कायद्यात 'शुल्क' किंवा 'टॅरिफ' हा शब्दच नाही. आयातीचं 'नियमन' एवढंच म्हटलं आहे. त्यावरूनच व्यापार न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि अपील न्यायालयाने ऑगस्टमध्ये अध्यक्षाच्या विरोधात निकाल दिला. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला तोही 'नियमन' या शब्दात कर बसवणं येतं का, यावरच.

आता तुमच्या टेबलावरची गोष्ट. शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार, तिथल्या कस्टम्सला. तुमच्या वाट्याला येते ती त्याची भाव पाडण्याची मागणी. आदेशात तारखेसोबत वेळही असते. २७ ऑगस्टचं शुल्क पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री १२ वाजून १ मिनिटाने सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी सकाळी ९.३१ ला. त्याआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या त्याच वेळेआधी अमेरिकेत दाखल झालेला माल वाढीव शुल्कातून वगळला होता. मात्र ही सवलत जहाजावरच्या मालाला लिहिलेली होती. न्हावा शेव्याहून निघालेल्या कंटेनरला तिचा उपयोग झाला, सहारहून विमानाने जाणाऱ्या दागिन्यांच्या पार्सलला नाही. असली वाक्यं बातमीत येत नाहीत. आदेशाचा मूळ मजकूर उघडावा आणि 'वाटेतला माल' याविषयीचं कलम शोधावं.

मुलगी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये या व्हिसाच्या अर्जासाठी एक लाख डॉलर भरायच्या घोषणेने घरात कुणी झोपलं नाही. उद्या अध्यक्ष एका सहीने हा व्हिसा बंद करू शकतात का? — एक पालक, मुलुंड

कायमचा बंद नाही. प्रवेश रोखू मात्र शकतात, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

दर वर्षी ६५,००० अधिक अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० ही एच-१बीची संख्या काँग्रेसच्या कायद्यात आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाला साधारण १,४०,००० ही मर्यादा आणि एका देशाला ७ टक्क्यांचं बंधन, ज्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, तेही कायद्यातलंच. हे आकडे कुठलाही अध्यक्ष सहीने वाढवू किंवा घटवू शकत नाही. निवडणुकीच्या सभेत कुणी तसं आश्वासन दिलं तर सोडून द्यावं.

पण स्थलांतर कायद्याचं कलम २१२(फ) अध्यक्षाला परदेशी व्यक्तींच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक वाटल्यास थांबवू किंवा अटींवर ठेवू देतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी या कलमाचा बराच ऐसपैस अर्थ मान्य केला. १९ सप्टेंबर २०२५ ची एक लाख डॉलरची घोषणा याच कलमावर उभी होती. मुदत बारा महिने, वाढवली नाही तर संपणारी.

त्या शनिवार-रविवारी गोंधळ झाला तो मजकुराआधी तोंडी बोलणं पसरल्यामुळे. रक्कम दर वर्षी भरायची असं सांगितलं गेलं, आणि सुटीवर आलेली माणसं मिळेल त्या विमानाने परत निघाली. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला. रक्कम एकदाच, आणि ती नव्या अर्जांना. हातात वैध व्हिसा असलेल्यांना आणि नूतनीकरणाला नाही. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात : आदेश 'प्रवेशा'बद्दल बोलतो की 'अर्जा'बद्दल, अमेरिकेबाहेर असलेल्यांपुरता आहे का, आणि कुठल्या तारखेनंतरच्या अर्जांना लागू आहे. तिकीट त्यानंतर काढावं.

आणखी एक. जे नियम खात्याने रीतसर प्रक्रियेतून केलेले असतात ते आदेशासारखे एका दिवसात उडत नाहीत. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला कामाची परवानगी देणारा एच-४ चा नियम २०१५ चा. तो रद्द करण्याचा मानस पुढच्या सरकारने २०१७ मध्येच जाहीर केला. पण रद्द करायलाही नवा मसुदा, लोकांच्या हरकती, त्यांना उत्तरं, मग अंतिम नियम अशी वाट चालावी लागते. चार वर्षांत ती पुरी झाली नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला.

बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख आहे. तिकडे 'शटडाउन', म्हणजे पैशांअभावी सरकारी कामबंदी, झालं तर ती रद्द होते का? आणि अध्यक्ष पैसे का सोडत नाही? — एक विद्यार्थी, विलेपार्ले

व्हिसाचं काम मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतं, त्यामुळे मुलाखती सहसा चालू राहतात. अडकतं ते दुसरीकडे. एच-१बीसाठी लागणारं वेतन आणि कामाच्या अटींचं प्रमाणपत्र श्रम खातं देतं, ते खातं बंद पडलं की कंपनीचा अर्जच पुढे सरकत नाही. विद्यार्थी व्हिसाला या प्रमाणपत्राची गरज नसते.

अध्यक्ष पैसे सोडत नाही कारण त्याच्याकडे तिजोरीची किल्ली नाही. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर मंजुरीविना खर्च करणं अधिकाऱ्यांसाठी कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे लेखानुदान घेऊन वेळ निभावते, आणि लोकसभेत अर्थसंकल्प पडलाच तर सरकार पडतं. तिथे सरकार पडत नाही, नुसतं थांबतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस थांबलं होतं.

उलट बाजूही आहे. मंजूर झालेला पैसा अध्यक्षाला आवडला नाही म्हणून तो दाबून ठेवू शकत नाही. निक्सन यांनी तसं केल्यावर १९७४ चा कायदा आला. खर्च रद्द करायचा असेल तर काँग्रेसला कळवा, आणि अधिवेशनाच्या ४५ दिवसांत तिने होकार दिला नाही तर पैसे सोडा, असा तो आहे. पाळला किती जातो, यावर वाद कायम चालू असतो.

'पॉकेट व्हेटो' म्हणजे काय? — एक वाचक, गिरगाव

विधेयक पोचल्यापासून अध्यक्षाला दहा दिवस मिळतात, रविवार वगळून. पोचल्याचा दिवस धरत नाहीत. सोमवारी आलं तर मंगळवारपासून मोजा. शनिवारी पाच होतात, रविवार सोडा, पुढच्या शुक्रवारी दहा. या मुदतीत सही केली तर कायदा. कारणं लिहून परत पाठवलं तर नकाराधिकार, आणि त्यावर मात करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. काहीच केलं नाही आणि काँग्रेसचं कामकाज चालू असेल तर सहीशिवाय कायदा. काहीच केलं नाही आणि मधल्या काळात काँग्रेस उठून गेली, तर विधेयक मेलं. ते जणू खिशातच राहिलं, म्हणून हे नाव.

आपल्या राष्ट्रपतींना अशी मुदतच घातलेली नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी सही न करता आणि परतही न पाठवता ठेवून दिलं, ते त्यामुळेच जमलं.

अर्धं विधेयक मान्य, अर्धं अमान्य, असं अमेरिकेत चालत नाही. १९९६ मध्ये काँग्रेसने खर्चाच्या सुट्या बाबी वगळण्याची मुभा अध्यक्षाला दिली होती. क्लिंटन यांनी ती वापरली आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

अध्यक्ष राज्यपालाला काढून तिथे राष्ट्रपती राजवट लावू शकतो का? — एक वाचक, परळ

नाही. तिकडचा गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. महाराष्ट्राने १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये पाहिली तसली राजवट तिथल्या घटनेत नाही. नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदल मात्र अध्यक्ष केंद्राच्या हाताखाली घेऊ शकतो. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून आयझेनहॉवर यांनी ते केलं आणि वर लष्कराची १०१ वी तुकडीही पाठवली.

युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा असं शिकवतात, मग इतक्या लढाया झाल्या कशा? — एक शिक्षिका, बोरिवली

शिकवता ते बरोबर आहे. काँग्रेसने शेवटचं युद्ध जाहीर केलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया आणि व्हिएतनाम त्यात नाहीत. अध्यक्ष सेनापती असल्याने सैन्य हलवतो, घोषणा काँग्रेसची, आणि या दोहोंच्या मधली जागा पाऊणशे वर्षांत अध्यक्षाने व्यापली.

ती आवरायला १९७३ चा युद्धाधिकार ठराव आला, तोही निक्सन यांच्या नकाराधिकारावर मात करून. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला लेखी कळवायचं. त्यापुढे ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर माघार, आणि सुखरूप माघारीसाठी आणखी ३० दिवस. मेख आहे ती घड्याळ कधी सुरू झालं हे ठरवण्यात. १९९९ मध्ये कोसोव्होवरचे हवाई हल्ले ७८ दिवस चालले. क्लिंटन सरकारचं म्हणणं, काँग्रेसने त्यासाठी पैसे दिले म्हणजे मंजुरीच दिली. २०११ मध्ये लिबियात ओबामा सरकार म्हणालं, जमिनीवर सैन्य नाही, तेव्हा या 'लढाया'च नव्हेत. न्यायालयं अशा वादात शिरायला नाखूश असतात. वर्गात मुलांना सांगायचं तर ठराव आहे, घड्याळ आहे, पण चावी देणारा हातही अध्यक्षाचाच आहे.

अध्यक्ष स्वतःच्या माणसांना सरसकट माफी देऊ शकतो? — विधी शाखेचा विद्यार्थी, चर्चगेट

केंद्रीय गुन्ह्यांसाठी, हो. मंत्रिमंडळाचा सल्ला लागत नाही, सिनेटची संमती लागत नाही. आपल्या अनुच्छेद ७२ खाली दोषी ठरलेल्यालाच माफी मिळते आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तिथे गुन्हा घडून गेलेला असला की पुरे, खटला भरण्याआधीही माफी चालते. ८ सप्टेंबर १९७४ ला फोर्ड यांनी निक्सन यांना दिलेली माफी तशीच होती. तीन गोष्टी तिच्या कक्षेबाहेर आहेत : राज्याच्या कायद्याखालचे गुन्हे, महाभियोग, आणि अजून न घडलेले गुन्हे. सामान्य अर्जदाराला मात्र न्याय खात्याकडे अर्ज करण्याआधी सुटकेनंतर पाच वर्षं थांबायला सांगतात. वशिला असलेल्यांच्या फाइली त्या रांगेत दिसत नाहीत.

अध्यक्षाला भूल दिली तर देश कोण चालवतो? — एक परिचारिका, शीव

१९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार तो दोन पत्रं लिहितो, एक प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना आणि एक सिनेटच्या हंगामी अध्यक्षांना. तेव्हापासून उपाध्यक्ष कार्यकारी अध्यक्ष होतो. जाग आल्यावर त्याच दोघांना पुन्हा लिहिलं की अधिकार परत. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडन यांच्या आतड्याच्या तपासणीच्या वेळी कमला हॅरिस यांच्याकडे एक तास पंचवीस मिनिटं हे अधिकार होते.

शपथेत शब्द चुकला तर अध्यक्षपद जातं का? — एक वाचक, भांडुप

जात नाही. मुदत २० जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला आपोआप सुरू होते. पण कामाला हात लावण्याआधी शपथ घ्यायची आहे, आणि तिचे ३५ इंग्रजी शब्द घटनेतच लिहून दिलेले आहेत. २००९ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक शब्द जागा सोडून उच्चारला आणि ओबामा अडखळले. पुढे कुणी कोर्टात खुसपट काढायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या एका खोलीत, मोजक्या लोकांसमोर, बायबलवर हात न ठेवता सगळी शपथ पुन्हा घेतली गेली.